हौसेची रोपे व मागाहूनचा हिशेब

मृगाचा पहिला पाऊस पडला न पडला तोच जेऊर स्टेशनाच्या बाजूस व बाजाराच्या वाटेवर रोपांनी भरलेले टेंपो उभे राहू लागतात. बाजारास बियाणे, खत किंवा बैलांचे दावे आणावयास गेलेला शेतकरी परत येतो तेव्हा त्याच्या हाती दोन गुलाब, एक जास्वंद, एखादे फळ लागलेले डाळिंबाचे रोप आणि नाव विसरलेली चार शोभेची झाडे असतात. पुण्याहून मोटारीने येणाऱ्यांची गोष्ट याहून सोपी आहे. उरुळी कांचनजवळ सोलापूर रस्त्याच्या दुतर्फा रोपवाटिकांची रांगच लागलेली असल्यामुळे, चहाकरिता थांबलेली गाडी मागची जागा रोपांनी भरूनच पुढे निघते. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस बागेतील पुष्पप्रदर्शन पाहावयास गेलेल्यांपैकीही रिकाम्या हाताने परतणारे थोडेच. रोपे घरी येतात, भिंतीकडेला ठेवली जातात, आणि मग प्रश्न पडतो की, ही आता लावावयाची कोठे?

हा प्रश्न खरेदीच्या आधी पडावयास पाहिजे होता, एवढेच म्हणून हा विषय सोडून देता येईल, असे पुष्कळांस वाटेल. दीडशे रुपयांच्या रोपाकरिता मासिकाची पाने कशाला खर्चावी, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते ह्या खरेदीत रोपाची किंमत ही सर्वांत लहान रक्कम असते. पुढे जाणारे पाणी, जागा, घरच्या माणसांचे श्रम, आणि क्वचित् शेजाऱ्याची बाग, यांचा आकडा पावतीवर येत नाही. पावती तरी कोठे मिळते म्हणा.

प्रथम विक्रेत्याच्या रोपाविषयी. जे रोप आपल्या डोळ्यांत भरते ते बहुधा हिरव्या जाळीच्या सावलीत, दररोज दोन वेळा पाणी मिळून, पाण्यातूनच खत मिळून वाढलेले असते. त्याचे पान कोवळे व रुंद असते; त्याने उन्हाळी झळ कधी सोसलेली नसते. शोभेच्या झाडांस ठेंगणी व फुलांनी गच्च ठेवण्याकरिता वाढरोधक औषधेही काही ठिकाणी दिली जातात. त्यांचा अंमल उतरला की तेच झाड आपल्या दारी लांबट व विरळ होते आणि मालकीणबाईंस वाटते की आपल्याच निगराणीत काही उणे पडले. फळ लागलेल्या रोपाची मोहिनी तर सर्वांत मोठी. कलम फळत्या झाडाच्या काडीचे असेल तर वीतभर वाढीवरही फळ धरू शकते. त्यात रोपाच्या जोमाचा पुरावा काही नाही. उलट, ते फळ त्या लहान मुळांवर भार असते, आणि जाणता बागाईतदार पहिली एकदोन वर्षे फूल दिसताच ते खुडून टाकतो. म्हणजे ज्या फळाकडे पाहून आपण पैसे मोजले तेच फळ घरी आल्यावर प्रथम तोडावयास पाहिजे. हे किती जण करतात?

दुसरी गोष्ट मातीची. जेऊरच्या परिसरात भीमेच्या बाजूस खोल काळी जमीन आहे, तर नदीपासून वर सरकावे तसतशी ती हलकी व मुरमाड होत जाते, आणि पुष्कळ ठिकाणी खाली चुनखडीचा थर लागतो. बाजारात येणारी रोपे मात्र कोकणच्या तांबड्या मातीत किंवा आंध्रातील गोदावरीकाठच्या कडियमसारख्या रोपवाटिकांच्या गावी वाढलेली असतात. तांबड्या मातीची घट्ट हुंडी काळ्या मातीत तशीच पुरली म्हणजे दोन्ही मातींचे पाणी धरण्याचे व सोडण्याचे मान जुळत नाही. बाहेरची जमीन ओली दिसते आणि हुंडी आतून कोरडी असते. किंवा पावसाळ्यात आळ्यात पाणी साचते व हुंडी कुजते. वर्षभराने मेलेले रोप उपटून पाहावे, तर मुळे हुंडीच्या बाहेर बोटभरही गेलेली नसतात. कित्येक ठिकाणी तर प्लॅस्टिकची पिशवीही तशीच सापडते, ही गोष्ट आम्ही थट्टेने सांगत नाही. चुनखडीच्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. लोह जमिनीत असूनही झाडास मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर यास आपण केवडा म्हणतो. अनंत, हायड्रेंजिया अशा आम्ल मातीच्या झाडांस हा केवडा येथे ठरलेलाच. त्यावर लोहाची फवारणी करता येते, पण ती वारंवार करावी लागते. म्हणजे झाड दारी नव्हे, औषधाच्या बाटलीवर जगते.

आता पाणी. आपल्याकडे हौसेला मोल नसते असे म्हणतात. मोल नसेलही, पण हौसेला पाणी लागते आणि ते मोजता येते. समजा, एका घरी वर्षभरात वीस रोपे अशी हौसेने आली. फाल्गुनाच्या अखेरीपासून पाऊस स्थिर होईपर्यंत साधारण १०० दिवस धरले, आणि प्रत्येक रोपास दिवसाआड १० लिटर पाणी धरले, तर एका पाळीस २०० लिटर व ५० पाळ्यांस १०,००० लिटर पाणी झाले. म्हणजे एक मोठा टँकर. जेथे वर्षाचा पाऊस साधारणतः ६०० मिलिमीटरच्या आत आणि मे महिन्याचा पारा चाळिसाच्या वर, तेथे हा हिशेब ज्याने त्याने आपल्या विहिरीकडे पाहून करावा. उजनीच्या फुगवट्याचे पाणी ज्यांच्या शेतात पाइपाने आले आहे त्यांच्याही घराच्या अंगणात ते आलेले असतेच असे नाही. मग हेच १०,००० लिटर १० लिटरच्या बादलीने घालावयाचे म्हणजे १,००० बादल्या. या बादल्या कोण उचलते? रोप विकत घेणारा पुरुष सकाळी केळीच्या बागेत किंवा उसात गेलेला असतो. बादली सासू, सून किंवा शाळेतून आलेली मुलगी उचलते. खरेदीच्या वेळी तिचे मत कोणी विचारलेले नसते. झाड वाळले म्हणजे मात्र ‘घरच्यांनी पाणी घातले नाही’ हा शेरा तिच्याच माथी येतो. आम्हांस हा अन्याय रोपाच्या नुकसानीपेक्षा मोठा वाटतो.

पण झाड वाळले तर गोष्ट तेथेच संपते, आणि खरे सांगावयाचे तर ते नुकसान सर्वांत हलके. भय आहे ते न वाळलेल्या रोपाचे. रोप एकटे येत नाही. पानाच्या मागे, पेरात, हुंडीच्या मातीत सोबती घेऊन येते. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, ते पुष्कळदा गुलाबी पिठ्या ढेकणाचे असतात. या किडीचे इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलेले आहे. हाच ढेकूण द्राक्षाच्या घडात शिरला म्हणजे घड चिकट व काळा होऊन विक्रीस निरुपयोगी ठरतो. मुंग्या त्यास अंगणातून बागेपर्यंत आनंदाने पोहोचवितात, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्यांचे खाद्य आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण आपल्या देशात २००८ मध्ये कोइमतूर भागात प्रथम आढळला व पुढील दोन वर्षांत पुण्यापर्यंत आला. तो जास्वंदीवरही तितक्याच सुखाने राहतो. अखेर २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याचे सूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडावे लागले तेव्हा त्यास आळा बसला.

डाळिंबाचे उदाहरण आमच्या जिल्ह्यास अधिक जवळचे आहे. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरासच स्थापन झाले, यावरून या पिकाचे येथील महत्त्व समजते. याच पिकावर तेल्या रोगाने या शतकाच्या पहिल्या दशकात असा घाला घातला की, उभ्या बागा काढून टाकण्याची पाळी अनेकांवर आली. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे. पाऊस व वारा त्यास एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. परंतु एका गावातून दुसऱ्या गावात तो मुख्यतः रोगट गुटीने व रोपानेच जातो. रोप विकावयास येते तेव्हा त्यावर डाग असतीलच असे नाही. काडीत जिवाणू दडून असतात आणि पावसाळी दमट हवा लागताच पानावर तेलकट ठिपके उमटतात, खोडाच्या पेरावर काळे चट्टे पडतात, फळ तडकते. टेंपोतून घेतलेले एक शोभेचे डाळिंब परसात लावले, परस बांधाला लागून आहे आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची तीन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे, अशी परिस्थिती आपल्या गावोगावी आहे. परसातले झाड मालकास एकदा पाहुण्यास दाखविण्यापलीकडे उपयोगाचे नाही. बांधापलीकडे मात्र कर्ज आहे, बहार धरलेला आहे, मुलीच्या लग्नाची तारीख आहे. त्या एका झाडास औषध कोण मारतो? बागाईतदार आपली तीन एकर फवारतो आणि रोग परसात सुखरूप राहतो. अशा प्रसंगी शेजाऱ्याने तक्रार केली तर ‘एका झाडाने काय होते’ असे उत्तर मिळते. होते काय, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

मुळांच्या गाठींचीही गोष्ट अशीच. सूत्रकृमी डोळ्यांस दिसत नाहीत. ते हुंडीच्या मातीतून येतात आणि एकदा जमिनीत शिरले म्हणजे त्यांस बाहेर काढणारे औषध कोणाजवळही नाही, केवळ त्यांची संख्या कमी ठेवता येते. पेरू व डाळिंब या दोहोंस त्यांचा उपद्रव मोठा आहे.

शोभेकरिता आणलेली वनस्पती मोकाट सुटली म्हणजे काय होते याचा दाखला जेऊरकरांस दूर शोधावयास नको. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात आज जागोजाग जी जलपर्णी पसरलेली दिसते, ती मूळची दक्षिण अमेरिकेची. तिची जांभळी फुले सुंदर आहेत यात शंका नाही, आणि त्या फुलांकरिताच ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये बागांच्या तळ्यांत आणली गेली. पुढे तिने तेथील नद्या व भातखाचरे अशी व्यापली की, १९३६ मध्ये बंगाल सरकारास तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पुणे व पिंपरी-चिंचवडकडील सांडपाणी भीमेच्या वाटेने उजनीत येते, ते तिचे खत. परिणामी मोटारींचे फूटव्हॉल्व्ह तुंबतात, मच्छीमारांची जाळी व होड्या अडतात. कुंपणावरची घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, तीही बागेकरिताच परदेशातून कलकत्त्यास आलेली. आज ती डोंगर व्यापून आहे आणि ती खाल्लेली जनावरे आजारी पडतात. फ्रान्समध्ये १८६० नंतरच्या काळात हौशी बागवानांनी व रोपविक्रेत्यांनी अमेरिकेतून द्राक्षवेली मागविल्या. त्यांच्या मुळांवर आलेल्या सूक्ष्म किडीने त्या देशाचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि पुढे अमेरिकन खुंटावर कलमे करूनच ते पुन्हा उभे करावे लागले. या मंडळींपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

यावर कोणी विचारील की, मग नवे झाड आणूच नये काय? मिरची, पेरू, सीताफळ ही सारी परदेशाहूनच आली, आणि कोणाच्या तरी कुतूहलानेच आपल्या परसात शिरली. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही नवेपणाच्या विरुद्ध मुळीच नाही. दारी चार फुलझाडे असावीत. देवास फूल विकत आणावे लागू नये. म्हातारपणी ओट्यावर बसणाऱ्यास पाहावयास काही हिरवे असावे. परंतु कुतूहलाने एक झाड आणून त्याजवर दोन वर्षे नजर ठेवणे निराळे, आणि रंग पाहून वीस आणून विसरून जाणे निराळे. पहिल्यास प्रयोग म्हणतात. दुसऱ्यास आमच्याकडे नाव नाही, पण त्याची निशाणी प्रत्येक वाड्याच्या भिंतीकडेला काळ्या पिशव्यांच्या रूपाने पाहावयास मिळते.

ज्यांच्या घरी अशी रोपे आजच येऊन पडली आहेत त्यांनी काय करावे हे सांगणे अधिक उपयोगाचे. प्रथम ती जमिनीवर न ठेवता शहाबादी फरशीवर किंवा दगडावर, पातळ सावलीत, बागेपासून व जुन्या झाडांपासून जितके दूर ठेवता येईल तितके दूर ठेवावीत. तीन-चार आठवडे त्यांचा हा एकांतवास असावा. अंड्यांतून निघणारी पिले व दडलेले ठिपके बहुधा या मुदतीत बाहेर येतात, आणि रोपही हळूहळू उन्हास सरावते. दर चार दिवसांनी पान उलटून पाहावे. पांढरे पुंजके थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसून निंबोळी अर्क व साबणाचे पाणी फवारावे. डाळिंबावर तेलकट ठिपका दिसला तर उपचाराच्या भरीस न पडता रोप पिशवीसह जाळावे. एका रोपाकरिता उपचार करणे परवडते, पण फसल्यास किंमत शेजाऱ्याने मोजावयाची असते.

लावण्याच्या वेळी पिशवी उभी चिरून पूर्ण काढावी आणि हुंडी पाहावी. मुळे तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ती कात्रीने कापावी. भिऊ नये, न कापलेली मुळेच पुढे झाडास आवळतात. तांबडी माती फार घट्ट असेल तर हुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवावी, म्हणजे मुळांस काळी माती लगेच भेटते. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते रोप, त्याची माती व पिशवी यांपैकी काहीही उकिरड्यावर टाकू नये, कारण तेच खत पुढे शेतात जाते. कलम असेल तर सांध्याची जागा मातीच्या वर राहील असे पाहावे आणि सांध्याखालून येणारी फूट नेमाने काढावी. हे न केल्यामुळे गुलाबाच्या जागी रानटी खुंट वाढविणारी घरे थोडी नाहीत.

जी रोपे लावावयास जागा अथवा पाणी नाही त्यांचे काय? येथे आपल्या चांगुलपणाचाच अडथळा होतो. जिवंत झाड फेकू नये, रोप दान देणे पुण्याचे, या समजुती उत्तम आहेत. परंतु त्यांच्या आधाराने आपण नको असलेले रोप बहिणीच्या गावी, शाळेच्या आवारात किंवा देवळाच्या पारावर पोहोचते करतो. निरोगी रोप, घेणाऱ्याने मागितल्यावर व खड्डा तयार असल्यावर द्यावे. त्यात पुण्य आहे. रोगट किंवा संशयित रोप देणे हे दान नव्हे. पाणवनस्पती तर कोणत्याही कारणाने ओढ्यात, विहिरीत वा फुगवट्यात सोडू नयेत. उन्हात कडक वाळवून मगच खड्ड्यात पुराव्यात. कण्हेरीसारख्या विषारी झाडांची छाटणी बांधावर टाकण्याची सवयही सोडावी. शेळीस वाळलेले कण्हेरीचे पानही मारक आहे.

पुढील वर्षाविषयी आमची सूचना अशी की, खड्डा आधी व रोप मागून हा क्रम प्रत्येक घराने पाळावा. चैत्र-वैशाखात जितके खड्डे खणून तापत ठेवले असतील तितकीच रोपे ज्येष्ठात घ्यावी. ज्याने कडक उन्हात मुरूम फोडून चार खड्डे घेतले आहेत तो पाचवे रोप सहसा घेत नाही, असा अनुभव आहे. फळरोपांच्या रोपवाटिकेस आपल्या राज्यात १९६९ च्या कायद्यान्वये परवाना लागतो. तो पाहावयास मागण्यात संकोच वाटू नये. जातीचे नाव, खुंटाचे नाव व तारीख असलेली पावती घ्यावी, आणि मातृवृक्ष कोठे आहेत हे विचारावे. टेंपोवाल्यास हे प्रश्न विचारले असता तो बहुधा दर कमी करतो. उत्तर देत नाही.

एकेकट्याने हे करणे जड जाते, म्हणून गावोगावच्या सभासदांनी फाल्गुनात एक वही फिरवावी. कोणास कोणते झाड, किती, आणि कोणत्या जागी पाहिजे हे तीत लिहावे. पाणी कोण घालणार त्या व्यक्तीची सहीही शेजारच्या रकान्यात घ्यावी. मग सर्वांची मागणी एकत्र करून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या किंवा अन्य परवानाधारक रोपवाटिकेतून एकाच खेपेत रोपे आणावी व महिनाभर एकाच जागी ठेवून मग वाटावी. वही कोणाकडे असावी यावर वाद होतील हे आम्ही जाणतो. ज्याचा रोपांच्या व्यापाराशी संबंध नाही आणि ज्याच्या अंगणात आजमितीस रिकाम्या काळ्या पिशव्यांचा ढीग नाही, अशा सभासदाकडे ती द्यावी. प्रत्येक गावात असा एखादा निघेलच.